नुसता पाण्यासाठी ठेवलेला फ्रिज

जळालेल्या मोटारींना आणि पंख्यांना तांब्याच्या तारेचे वेढे घालण्यात वाइंडिंगवाल्या काकांचं आयुष्य गेलं. मग दुकान लेकाला दिलं आणि ते घरी बसले. घरी बसलेल्या पुरुषाची किंमत किती, हे कुठल्याही बायकोला विचारा. पण काकांचं नशीब थोर. स्वयंपाकघरात जवळपास लेकाच्या वयाचा एक फ्रिज होता. तो घरघरायचा, खाकरायचा आणि मधूनच गप्प व्हायचा. मग काकू हाक मारायच्या, "अहो, तुमचं लेकरू रुसलं!" काका उठायचे, त्याच्या बरगडीत एक धपाटा घालायचे, की गडी सुरू! दिवसाकाठी काकांना हाक यायची ती एवढीच.

म्हणूनच सुनेनं वीज वाचवणारा, पाच ताऱ्यांचा फ्रिज आणायचं काढलं तेव्हा काका खवळले.

"ह्याला काय झालंय?"

"बाबा, वीज पितो तो. ढसाढसा."

"पिऊ दे. म्हातारा आहे."

शेवटी तह झाला. नवा आत, जुना गॅलरीत, "नुसता पाण्यासाठी."

त्या पाण्याचा थाट काय सांगावा! चार बाटल्या आणि अर्धं लिंबू, एवढ्यासाठी म्हातारा अहोरात्र घरघरत होता. पुढचं बिल आधीपेक्षा मोठं आलं. काकांना उकळ्याच फुटल्या. "बघा तुमचे तारे! दिवसाढवळ्या दाखवले दुकानदारानं."

सून बिल उचलून आत गेली. काकूंना मात्र बोलल्याशिवाय अन्न पचत नाही. "जन्मभर मोटारी तपासल्यात ना? मग जाऊन मीटर तपासा. तोंडाची वाफ कशाला दवडताय?"

काकांनी तावातावानं घरातलं सगळं बंद केलं, नवा फ्रिज तेवढा चालू ठेवला आणि जिन्यातल्या मीटरपाशी गेले. वीज मोजणारा लाल दिवा सावकाश डोळा मिचकावत होता. परत येऊन त्यांनी नवा बंद केला, जुना लावला. आता दिवा असा फडफडायला लागला, जणू डोळ्यात कचरा गेलाय. काका बघत राहिले. जिन्यात दुसरं कुणी नव्हतं. खोटं बोलायची चांगली सोय होती. पण मीटर बघून खोटं बोलणारा वाइंडिंगवाला अजून जन्मायचाय.

वर येऊन त्यांनी गॅलरीतल्या फ्रिजचा प्लग काढला. घरघर थांबली. सवयीनं हात उठला, पण धपाटा न घालता त्यांनी नुसतं थोपटलं.

"यात माझी अवजारं राहतील," एवढं बोलून ते खुर्चीत जाऊन बसले. आता कोण कशाला हाक मारतंय?

संध्याकाळी आतून टिंव टिंव ऐकू आलं. नव्याचं दार उघडं राहिलं की तो बोंबलतो.

"अहो, तुमचं नवं लेकरू रडतंय!"

काका धडपडत गेले. दार बोटभर उघडं. शेजारीच काकू भाजी निवडत बसलेल्या. जन्मात कधी डब्याचं झाकण उघडं न टाकलेली बाई!

"तुझा हात पोचत नव्हता?"

"मग भाजी तुम्ही निवडणार का? लावा ते दार. आणि हळू हं, त्याला धपाट्यांची सवय नाही."