दोघांना एकत्र बसवा

आमच्या समोरच्या ब्लॉकमधल्या काकांइतका लोकांच्या गाठी घालून द्यायला उतावीळ माणूस अख्ख्या डोंबिवलीत दुसरा नसेल. लग्नं नव्हेत, ते कामाची माणसं जुळवायचे. सगळी नोकरी कल्याणला रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये गेलेली. पुढच्या केबिनने होकार दिल्याशिवाय गाडी सोडायची नाही, ही तिथली सवय रिटायर झाल्यावर त्यांनी सगळ्या बिल्डिंगला लावली. गच्चीवरची टाकी गळायला लागली तेव्हा प्लंबर आणि गवंडी दोघांना त्यांनी आपल्या गॅलरीत समोरासमोर बसवलं, चहा पाजला आणि म्हणाले, "आधी हात कोणी लावायचा ते ठरवा, मगच उठा." दोघं भांडून निघून गेले. तीन दिवस आम्ही खालून हंडे वाहिले. चौथ्या दिवशी काका दोघांना समजावून परत घेऊन आले, आणि ती टाकी पुन्हा कधी गळली नाही. बायकांच्या लक्षात मात्र हंडेच राहिले. तळमजल्यावरच्या मुलीच्या लग्नात तर त्यांनी आचारी आणि भटजींचीच बैठक घेतली होती. "मुहूर्त लांबला तर पुऱ्या कोण थांबवणार?"

ऐंशीनंतरची ती पहिलीच वर्षं. माझी मुलगी जन्मली ती उजव्या कानाच्या जागी शेंगदाण्याएवढी गाठ घेऊन. सासूबाईंनी ग्रहणावर खापर फोडलं, मी कुंचीच्या नाड्या आवळल्या. काकांनी मात्र पाळण्यामागे उभं राहून वाटीवर चमचा वाजवला आणि ती दचकली तशी स्वतःच टाळ्या पिटल्या. "डावा चालू आहे गं! तरी मशीनवर तपासून घे, बोलणं अडायला नको." त्यांनी पिच्छा पुरवला म्हणूनच तपासणी वेळेवर झाली आणि पोर वेळेवर बोलली. हे मी तेव्हा कुणापाशी कबूल केलं नाही.

ती चार वर्षांची झाल्यावर ठाण्याचे कानाचे डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन करून कानाची वाट उघडू. आम्ही हरखलो. काकांनी विचारलं, "बाहेरचा कान करणाऱ्या सर्जनना विचारलंत? आधी दोघांना एकत्र बसवा." आम्ही हसून टाळलं, तर हे स्वतःच ठाण्याला जाऊन दवाखान्यात ठाण मांडून बसले. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "हे गृहस्थ कोण तुमचे?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत येऊन मी त्यांच्या दारातच म्हटलं, "काका, मुलगी आमची आहे."

"हो हो, तुमचीच की," म्हणाले आणि हळूच दार लोटून घेतलं.

ऑपरेशन झालं. उघडलेली वाट वर्षाच्या आत बुजली. ती आठ वर्षांची असताना मी एकटीच तिला घेऊन मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात गेले. तिथे कानाचे डॉक्टर, प्लास्टिक सर्जन आणि ऐकणं तपासणाऱ्या बाई तिघं एकाच टेबलाशी बसून तिला बघत होते. सर्जननी तिथली कातडी चाचपली आणि तिला बाहेर बसवून मला म्हणाले, "इथे आधी कोणी कापलंय? कान करू आपण, पण कोऱ्या कातडीवर जसा झाला असता तसा आता होणार नाही."

परत आल्यावर मी तडक काकांकडे गेले. सगळं सांगितलं, माफी तेवढी मागायची राहिली. ते ऐकत होते, आणि मध्येच त्यांचा चेहरा उजळला. "तिघं? एकाच टेबलाशी? कोण कुणाशेजारी बसलं होतं?" मग जरा चाचरत म्हणाले, "पुढच्या वेळी मी आलो तर चालेल? काही बोलणार नाही. नुसतं बघेन."

मी "बघू" म्हटलं. पुढच्या तारखेला आम्ही त्यांना न सांगताच गेलो. का, ते मला आजही धड सांगता येत नाही. त्यानंतरची तारीख यायच्या आत काका गेले.

बरगडीच्या कूर्चेचा केलेला तो कान मुलीला आवडतो. आरशात बघत ती केस मागे बांधते. तो याहून किती चांगला होऊ शकला असता, हे तिला काय, घरात कुणालाच मी कधी सांगितलं नाही. ते जाणणारी काका आणि मी अशी दोनच माणसं होतो. आता मी एकटी आहे.