आठ ट्रॅकची चाल

दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या त्या लॅबमध्ये शेवटचं काम ताईकडे असायचं. दवाखान्यांतून लोकांच्या हिरड्यांची मापं यायची, प्लास्टरवाले काका त्यांचे साचे ओतायचे, मधल्या टेबलावर मेणात दात बसायचे, आणि तयार झालेली कवळी घासूनपुसून चकचकीत व्हायला ताईच्या मोटरपाशी यायची. ती कुणाच्या तोंडात जाणार, कोण ती लावून हसणार, हे ताईला कधीच कळत नसे. डब्यावर एक नंबर चिकटवलेला असे, बस्स.

मोटर दिवसभर एकाच सुरात घूं करत राही आणि त्या सुराला धरून ताई गायची. गाणी नव्हेत, शब्द तिच्या लक्षात राहत नसत. नुसत्या चाली, आणि त्याही तिच्या स्वतःच्या, हात कामात असताना आपोआप सुचलेल्या. मोटर बंद झाली की तीही गप्प. जेवणाच्या सुट्टीत कुणी म्हणालंच की ताई, काहीतरी म्हणून दाखवा, तर ती मान खाली घालून डब्याचं झाकण उघडायला लागे. काकांना मात्र मधल्या पातळ भिंतीपलीकडून सगळं ऐकू यायचं. ते वयाने तिच्यापेक्षा कितीतरी मोठे, तरी तिला ताईच म्हणायचे. लॅबमध्ये सगळेच म्हणत. खरी ताई ती एकाचीच होती. तो धाकटा भाऊ शिकून लांबच्या शहरात गेला आणि तिथलाच झाला. आईच्या आजारपणात ताईच्या लग्नाचा विषय मागे पडला, मग आईही गेली, आणि दोन खोल्यांच्या घरात ती एकटी उरली.

पन्नाशी ओलांडल्यावर तिच्या गळ्याशी गाठ आली. शस्त्रक्रिया करावी लागली. गाठ साधी निघाली, पण आवाजाच्या नसेला अगदी चिकटून बसली होती. जीवाला धोका नाही, आवाजाचं मात्र सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, आणि झालंही तसंच. बोलणं परत आलं, पण घोगरं, अर्धी हवा मिसळलेलं. वरचा सूर लावायला जावं तर नुसता वारा.

ती कामावर परतली, मोटर सुरू केली, सवयीने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. काही दिवसांनी जेवताना काका तिच्याकडे न बघता म्हणाले, "ताई, हल्ली भिंतीपलीकडे कुणी नसल्यासारखं वाटतं."

ताईने मान हलवली आणि पाण्याची बाटली त्यांच्याकडे सरकवली. पुढे काही महिन्यांनी काका निवृत्त होऊन लेकीकडे राहायला गेले. त्यांच्या जागी आलेला माणूस कानात बोळे घालून काम करायचा.

चाली सुचायच्या मात्र थांबल्या नाहीत. खरी पंचाईत तीच होती. बसथांब्यावर, भांडी विसळताना, कवळीच्या कडा गोल करताना त्या येत, डोक्यात घोळत राहत आणि बाहेर पडायला वाट न सापडून दोन दिवसांत विरून जात. भावाचा दर रविवारी फोन यायचा. एका रविवारी तिने त्याला हे सांगून टाकलं. तो पहिल्यापासूनच व्यवहारी. रडगाणं ऐकलं की लगेच उपाय काढणारा.

"अगं, आता लोक घरबसल्या गाणी बनवतात," तो म्हणाला. "त्याला गळा लागतच नाही. कॉम्प्युटर लागतो."

त्याने आपला जुना लॅपटॉप पाठवून दिला आणि मोठमोठे संगीतकार जे सॉफ्टवेअर वापरतात त्याचं नाव कळवलं. ताईने ते शोधून काढलं. किंमत बघितली आणि चुकून परक्याच्या दिवाणखान्यात शिरल्यासारखी ओशाळून तिने ते पान बंद केलं.

घराजवळच्या कोपऱ्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. दुकानदाराने तिचं म्हणणं ऐकून विचारलं, "मुलासाठी हवंय का?"

"मला हवंय," ताई म्हणाली. आवाज घोगरा असल्यामुळे तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.

त्याने तेच महागडं सॉफ्टवेअर तिच्या लॅपटॉपवर फुकटात टाकून दिलं. सगळे असंच वापरतात, विकत कोण घेतंय, असं तो हसत म्हणाला. चोरीचा माल आहे हे ताईला कळत होतं, पण तिने कळू दिलं नाही, स्वतःलासुद्धा. घरी येऊन उघडलं तर पडदाभर बटणं. कुठे हात लावावा आणि काय बिघडावं याचा नेम नाही. तरी चिकाटीने, चुकतमाकत, चौकोनी रेघांवर माउसने एकेक सूर मांडायला ती शिकली. अखेर एका संध्याकाळी तिच्या डोक्यातली चाल पियानोच्या आवाजात खोलीत वाजली. ताईने माउसवरचा हात उचलून मांडीवर ठेवला आणि ती संपेपर्यंत हललीच नाही.

पुढच्याच महिन्यात लॅपटॉप कण्हत कुंथत चालायला लागला, नको त्या जाहिराती आपोआप उघडायला लागल्या आणि मग पडदा काळा पडला तो पडलाच. दुकानदाराने सगळं पुसून तो पुन्हा चालू करून दिला. चाल गेली. ते सॉफ्टवेअर परत टाकून देऊ का, असं त्याने सहज विचारलं.

"नको," ताई म्हणाली आणि लॅपटॉप छातीशी धरून घरी आली. राग दुकानदाराचा नव्हता, स्वतःचाच होता.

मग सरळ मार्गाने शोध सुरू झाला. एक सॉफ्टवेअर काही दिवस चाचणीसाठी फुकट होतं. त्यात तिने चाल बांधली, जपून ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी उघडायला गेली तर, जपलेलं उघडायचं असेल तर आधी विकत घ्या म्हणालं. दुसरं महिन्याच्या भाड्यावर मिळत होतं. भाडं फार नव्हतं, पण एखादा हप्ता चुकला की आपल्याच चालींना कुलूप लागणार, हे तिला पटेना. तिसरं खरोखर मोफत होतं, पण त्याला तगडा कॉम्प्युटर हवा. भावाच्या जुन्या लॅपटॉपचा पंखा इतका भणभणायचा की सूर त्यात बुडून जायचे. चौथ्याची तर फारच तारीफ होती. त्याच्यासमोर नुसतं गुणगुणा, ते तुमची चाल लिहून घेतं. ताईने ती माहिती दोनदा वाचली. मग दार लावलं, खिडकी लावली आणि गुणगुणून बघितलंच. पडद्यावर एक रेघ उमटली, थरथरली आणि तुटली. पुन्हा प्रयत्न केला, तर सॉफ्टवेअरने कळवलं की आवाज सापडला नाही.

तेही तिने काढून टाकलं.

शेवटी तिने संगीत करणाऱ्यांच्या एका फोरमवर 'पॉलिशवाली' या नावाने प्रश्न टाकला. नवशिकी आहे, लॅपटॉप जुना आहे, परवडणारं सर्वांत चांगलं सॉफ्टवेअर कोणतं? उत्तरांचा पाऊस पडला. प्रत्येकाचं वेगळं नाव. मग उत्तरं देणाऱ्यांतच जुंपली आणि त्या धुमश्चक्रीत विचारणारी कोण हे सगळे विसरून गेले. त्यात 'अर्धा कप' नावाच्या कुणीतरी मात्र तिला वेगळा निरोप पाठवला.

"काय बनवायचं आहे तुम्हाला?"

"चाल," तिने लिहिलं.

"किती वाद्यांची?"

"एक वर चालणारं, एक खालून धरून ठेवणारं. क्वचित तिसरं."

"गाणार कोण?"

या प्रश्नाचं उत्तर ताईने दुसऱ्या दिवशी दिलं. "कुणी नाही."

मग अर्ध्या कपाने सविस्तर लिहिलं. तुम्ही सर्वांत चांगलं शोधताय, म्हणून सापडत नाहीये. तुम्हाला पुरेल एवढं शोधा. दोन सप्तकांचा छोटा कीबोर्ड घ्या, त्याच्यासोबत एका मोठ्या सॉफ्टवेअरची लहान आवृत्ती कायमची मोफत मिळते. तिच्यात आठच ट्रॅक, म्हणजे आठच वाद्यं एकावर एक ठेवता येतात. लोक नाकं मुरडतात, पण तुमचे तर पाच शिल्लक राहतील. जुन्या लॅपटॉपवर चालतं का ते घेण्याआधी तपासा, जपून ठेवलेलं परत उघडतं का ते पहिल्याच दिवशी बघा, आणि मग वर्षभर दुसरं काही शोधायला जाऊ नका.

ताईने शब्दन् शब्द पाळला. कीबोर्ड आणला, सॉफ्टवेअर घातलं, एक सूर वाजवला, जपून ठेवला, लॅपटॉप बंद करून ती बाजारात भाजी आणायला गेली. परत येऊन उघडलं. सूर जागेवर होता.

त्यानंतरचे काही महिने बरे गेले. ती बोटांनी चाल वाजवायची, चुकलेले सूर माउसने सरळ करायची आणि अडलं की अर्ध्या कपाला विचारायची. उत्तर यायचंच, कधी सकाळी, कधी दोन दिवसांनी. घरदार, वय, काम, कुणीच कुणाला विचारलं नाही. गळ्याचं सगळं सांगावं म्हणून ताईने एकदा भलंमोठं लिहिलं आणि पुसून टाकलं. पहिली चाल पूर्ण झाली तेव्हा ती पाठवताना तिने सोबत एवढंच लिहिलं, "मी आधी गायचे."

उत्तर आलं, "वाटलंच होतं. तुमच्या चालीत श्वास घ्यायच्या जागा आहेत."

ताईने ते वाक्य कितीदा वाचलं याला गणतीच नाही. दुसऱ्या दिवशी कामावर तिला वाटलं, कुणाला तरी हे सांगावं. पण कुणाला आणि कुठून सुरुवात करून सांगणार?

दुसऱ्या चालीच्या वेळी उत्तरं उशिरा यायला लागली. मग येईनाशी झाली. नावापुढचा हिरवा ठिपका राखाडी झाला तो तसाच राहिला. बरे आहात ना, असं तिने विचारलं, त्यालाही उत्तर नाही. तिकडे पुरुष होता की बाई, तो माणूस आजारी पडला की नुसता कंटाळला, काहीच कळायला मार्ग नव्हता. ज्याचं नावसुद्धा माहीत नाही त्याची चौकशी कुठे करणार? तिने काकांना फोन लावून बघितला, निदान त्यांना तरी चाल ऐकवावी म्हणून. फोन लेकीने उचलला. बाबांना आता फोनवरचं ऐकू येत नाही, असं तिने हळुवारपणे सांगितलं आणि ताईची विचारपूस केली.

वर्ष सरता सरता भाऊ कसल्याशा कामासाठी आला आणि एक रात्र तिच्याकडे राहिला. सकाळी तो आंघोळीला गेला म्हणून ताई हेडफोन लावून बसली. तारेला धक्का लागून ती निसटली आणि चाल खोलीभर वाजायला लागली. ताईला कळलं तेव्हा भाऊ टॉवेल खांद्यावर टाकून दारात उभा होता.

"हे कुणाचं आहे?" त्याने विचारलं.

"माझं."

"तू केलंस? त्या लॅपटॉपवर?"

"हो."

तो पलंगाच्या कडेवर बसला. "पहिल्यापासून लाव ना."

तिने लावलं. त्याने डोळे मिटून घेतले. वरचं वाद्य एकदा थांबून खालच्या सुरापाशी येतं, तिथवर चाल पोहोचली आणि त्याचा फोन वाजला. साहेबांचा होता, घ्यावाच लागणार होता. तो बोलत बोलत जिन्यात गेला. ताईने चाल थांबवली आणि त्याची वाट बघितली. जिन्यातलं बोलणं लांबत गेलं. तेव्हा तिने तार परत जोडली आणि उरलेलं एकटीनेच ऐकलं.

निघताना बूट घालता घालता तो म्हणाला, "ताई, तो लॅपटॉप फार जुना झालाय. नवा पाठवतो, आणि चांगलं मोठं सॉफ्टवेअरही घेऊन देतो."

"नको रे. यात सगळं मावतंय."

"मग ती चाल तरी पाठव. गाडीत ऐकेन."

ताईने ती त्याच दिवशी पाठवली. त्याने अंगठा वर केलेलं चित्र धाडलं. पुढच्या रविवारी तो मुलीच्या परीक्षेबद्दल बोलला, गळणाऱ्या छताबद्दल बोलला. ऐकलीस का, असं ताईने विचारलं नाही. फोन ठेवून तिने लॅपटॉप उघडला. आठवडाभर एक संथ चाल तिच्या डोक्यात होती आणि तिला पहिल्यांदाच तिसरं वाद्य लागणार होतं.