कामाच्या घरी

माझे बाबा चावीवाले होते. हिंदमाताला पुलाखाली, एका साडीच्या दुकानाच्या कडेला त्यांची बैठक. एक पत्र्याची पेटी, दोन कानशी आणि तारेत ओवलेल्या जुन्या चाव्यांचा जुडगा, एवढ्यावर त्यांनी आमचं घर चालवलं, मला शिकवलं आणि आईला कधी कुणाकडे हात पसरू दिला नाही.

त्यांना विसरायला व्हायला लागलं तेव्हा आम्ही नायगावची चाळ सोडून तिथल्याच टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आलो होतो. सकाळी उठले की पेटी शोधायचे, नाही मिळाली की तसेच निघायचे. पहिल्यांदा हरवले तेव्हा परळच्या नाक्यावर एका हवालदाराने त्यांना बसवून ठेवलं होतं. दुसऱ्यांदा बसखाली येता येता वाचले. गुडघा फुटला, पायात चप्पल नव्हती. आईचे गुडघे कामातून गेलेले, ती काय धावणार त्यांच्यामागे? आणि मी दिवसभर ऑफिसात. डॉक्टर म्हणाले, आतून कुलूप लावत जा. त्यांचं काय जातंय सांगायला. चावीवाल्याला म्हणे कुलूप लावा.

पहिलं कुलूप त्यांनी आईच्या केसातल्या आकड्याने काढलं. दुसरं मी चांगलं महागातलं आणलं, तर तेही संध्याकाळी माझ्या हातात ठेवलं आणि म्हणाले, "हलका माल आहे ताई, दुकानदाराने फसवलं तुम्हाला." सकाळी काय खाल्लं ते आठवायचं नाही, माझं नाव आठवायचं नाही, पण हे जमायचं. मला हसू पण यायचं आणि त्यांना गदागदा हलवावंसं पण वाटायचं.

एके दिवशी ऑफिसला निघताना पाहिलं तर बाबा सेफ्टी पिन घेऊन दाराशी. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "हात लावू नका. हे घर दुसऱ्यांचं आहे आणि मालक बाहेर गेलेत."

त्यांनी चटका बसल्यासारखा हात मागे घेतला.

बाबांचा नियमच होता तसा. मालक नसताना कुलपाला हात लावायचा नाही, आणि मालक समोर उभा असला तरी दोन जुन्या शेजाऱ्यांनी ओळख दिल्याशिवाय नाही. "घर माझंच आहे, चावी हरवली, असं चोरसुद्धा म्हणतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सख्ख्या मेव्हण्याला त्यांनी त्याच्याच दारात तासभर उभं केलं होतं, शेजारी कामावरून येईपर्यंत. मामा वर्षभर आमच्याशी बोलला नाही. तर मी त्या दिवशी खुशीत ऑफिसला गेले. काय अक्कल चालवली म्हणून दोघीतिघींना सांगितलंसुद्धा.

संध्याकाळी आले तर आईचा चेहरा उतरलेला. बाबा दिवसभर चपलांच्या रॅकशेजारच्या स्टुलावर बसून होते, हात गुडघ्यांवर ठेवून. आईने ताट नेलं तर म्हणाले, "नको वहिनी, कामाच्या घरी मी जेवत नाही. चहा असेल तर द्या घोटभर." गिऱ्हाइकाच्या घरी ते कधीच जेवत नसत. पलंगावर बसत नसत. दोन दिवस नुसत्या चहावर काढले. तिसऱ्या दिवशी उठताना तोल गेला आणि मी घाबरले.

"बाबा, मी खोटं बोलले. हे घर तुमचंच आहे."

त्यांनी मला खालून वरपर्यंत पाहिलं. माझ्यासारखे छप्पन पाहिले होते त्यांनी. शांतपणे म्हणाले, "शेजारी बोलवा."

चाळीत असते तर एका हाकेत वीस माणसं गोळा झाली असती. इथे मी दोन बेल वाजवल्या. एक हेडफोनवाला मुलगा आणि एक बाई, दोघं बिचारी आली. बाबांनी विचारलं, "किती वर्षं ओळखता यांना?" बाई खरं बोलली, सहा महिने. बाबांनी मान हलवली. आमचे जुने शेजारी कोण विरारला, कोण गावी, कोण वर गेलेले. विरारच्या काकूंना व्हिडिओवर घेतलं तर म्हणाले, फोनवरची ओळख चालत नाही. मी हात टेकले. खोटं एका मिनिटात पटलं होतं आणि खरं कशानेच पटेना. रागाने मी बाथरूममध्ये जाऊन रडले.

बाहेर आले तर आईने वरच्या कपाटातून त्यांचा हिंदमाताला न्यायचा स्टीलचा डबा काढला होता. त्यात भाकरी, सुकट आणि कांदा भरून त्यांच्यापुढे ठेवला. म्हणाली, "तुमच्या घरून डबा आलाय."

बाबा पोटभर जेवले. बोटं चाटून जेवले.

शेवटचे आठ महिने असंच चाललं. बाबा बाहेर गेले नाहीत, उपाशी राहिले नाहीत, आणि स्वतःच्या घरात पाहुण्यासारखे दारातल्या स्टुलावर बसून राहिले. माझ्या एका वाक्याने झालं ते, आणि ते वाक्य मला परत घेता आलं नाही. रात्रीसुद्धा पलंगावर झोपले नाहीत, मालक आले तर बरं दिसणार नाही म्हणून. आई दाराजवळ चटई घालायची.

रोज दुपारी डबा उघडायच्या आधी ते तिला विचारायचे, "मंडळी स्वतः आली होती?"

"हो."

"एवढ्या उन्हात. वर बोलवायचं होतं वहिनी, पाणी तरी विचारायचं. ती स्वतःहून मागायची नाही."

"विचारलं मी."

"काही म्हणाली?"

"लवकर घरी या म्हणाली."

"मालक आले की निघतोच, सांगा तिला."

आई म्हणायची, "सांगते."