पुढच्याने रस्ता बघायचा

आमच्या घरात सासूबाईंना सगळे 'इंजिन' म्हणतात. अर्थात त्यांच्या माघारी. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नाही. बाजारात जायचं असो की दवाखान्यात, त्या पुढे आणि आम्ही सगळे डबे मागे. कोण आलं, कोण राहिलं, हे मान वळवून बघणं त्यांना ठाऊकच नाही.

ही खोड त्यांना नोकरीने लावली. उभा जन्म त्या इस्पितळात आया होत्या. पेशंटला ऑपरेशनला न्यायचं तर स्ट्रेचरची पुढची बाजू कायम त्यांच्या हातात. "पुढच्याने रस्ता बघायचा, मागच्याने पेशंट. दोघी दोन्हीकडे बघायला लागल्या की पेशंट भिंतीवर!" असं त्या नव्या आयांना दरडावत. निवृत्त झाल्या, स्ट्रेचर सुटलं, चाल मात्र तीच राहिली. आणि त्यांच्या मागून पिशव्या सांभाळत धावताना मला लग्नापासून एकच वाटत आलंय, की एकदा तरी या बाईने वळून बघावं. बाई गं, आहेस ना, एवढं तरी!

त्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं होतं. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, त्यावर जाड पट्टी. सकाळचं इन्सुलिन घेतलं आणि काही न खाताच त्यांनी चपला घातल्या.

"आई, आधी दोन घास खाऊन घ्या."

"उशीर होतोय. गाडी बदलताना बाकावर बसून खाईन. डबा घे."

डबा घेतला. गाडी बदलायच्या स्टेशनवर बाक आलं, गेलं. मी मागून ओरडले, "आई, डबा!" त्या म्हणाल्या, "पलीकडे." वाद कोण घालणार!

हल्ली आमच्याकडे जुन्या रेल्वेला आणि नव्या मेट्रोला एकच कार्ड चालतं. रेल्वेच्या मशीनवर ते दोनदा टेकवलं की दोन तिकिटं येतात, त्यामुळे आम्हा दोघींचं एका कार्डावर छान चाललं होतं. कार्ड एक झालं म्हणजे नियमही एक झाले असतील, असं मी धरून चालले. मेट्रोच्या गेटपाशी मी मागून हात लांबवून कार्ड टेकवलं. गेट उघडलं, सासूबाई आत गेल्या. गेट मिटलं. मी पुन्हा कार्ड टेकवलं. लाल दिवा. पुसून टेकवलं, उलटं टेकवलं. गेट ढिम्म.

"आई! थांबा!"

पण तेवढ्यात आतमध्ये कसलीशी घोषणा सुरू झाली, आणि इंजिन सरळ सरकत्या जिन्यावरून खाली गेलं.

गेटवरची मुलगी आली. कार्ड तपासून म्हणाली, "ताई, हे कार्ड आत गेलेलं आहे."

"कार्ड माझ्या हातात आहे! आत गेलीय ती माझी सासू!"

"इथे एका कार्डावर एकच माणूस जातो. दुसरं कार्ड घ्या ना, काउंटर तिकडे आहे."

काउंटरसमोर तर ही लांब रांग. मी सासूबाईंना फोन लावला. तो माझ्याच पिशवीत वाजला.

"घाबरू नका," ती मुलगी म्हणाली, "कार्डाशिवाय त्या बाहेर पडूच शकणार नाहीत."

तिने धीर द्यायला म्हटलं, आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. बाहेर पडू शकणार नाहीत म्हणजे आतच कुठेतरी राहतील. आत सगळ्या लाइन एकमेकींना जोडलेल्या. अंगात इन्सुलिन, पोटात काही नाही. साखर उतरली की त्या आधी चिडतात, मग घामाघूम होतात, मग बोलेनाशा होतात. एकदा घरात झालं होतं तेव्हा शेजारचे डॉक्टर धावत आले म्हणून निभावलं. इथे कोणाला वाटेल, म्हातारी झोपलीय.

हे सगळं मी त्या मुलीला कसंबसं सांगितलं. तिने लगेच चाकांच्या खुर्चीसाठीचं रुंद गेट उघडलं आणि पुढच्या स्टेशनांना फोन लावायला घेतला.

मी जिना उतरले तेव्हा गाडीचे दरवाजे मिटत होते. काचेतून सासूबाईंचं पांढरं डोकं दिसलं. डाव्या बाजूच्या सीटवर त्यांनी पर्स ठेवली होती. माझी जागा धरली होती.

मी काचेवर थापा मारल्या. गाडी गेली.

पुढची गाडी येईपर्यंत मी त्या फलाटावर काय काय नवस बोलले ते सांगण्यासारखं नाही. गाडीत बसवेना. प्रत्येक स्टेशनला दारातून डोकं बाहेर काढून बघायचं, आणि नाही दिसल्या की पुढच्या स्टेशनची वाट बघायची.

डॉक्टरांच्या स्टेशनवर उतरून धावत वर गेले, तर शेवटच्या गेटपाशी त्या उभ्या होत्या. गेटला अगदी खेटून, तोंड बाहेरच्या दिशेला. उजवा हात मागे पसरलेला, कार्डासाठी. हात लटलट कापत होता, ब्लाऊजची पाठ घामाने भिजली होती. लोक वैतागून शेजारच्या गेटने जात होते.

मी त्या हातावर कार्डाऐवजी पिशवीतली साखरेची पुडी फोडली.

"किती हळू चालतेस गं," त्या म्हणाल्या. जीभ जड झाली होती. "शेजारी येऊन बसलीस, मी एवढं बोलतेय, तर एका शब्दाने उत्तर नाही."

पट्टीच्या बाजूला कोण परका येऊन बसला होता आणि त्याने काय काय ऐकून घेतलं, देव जाणे. तिथेच जमिनीवर बसवून मी त्यांना डबा भरवला. रंग परतला, तेव्हा माझा बांध फुटला.

"एकदा वळून बघायला काय होतं हो तुम्हाला? मेला असतात आज!"

त्यांनी माझ्याकडे एका डोळ्याने पाहिलं. "वळून कशाला बघायचं? मागे तू होतीस ना."

मला रडू आवरेना. इतकी वर्षं ज्याला मी तोरा समजत आले, तो हा भरवसा होता.

आता दोघींची दोन कार्डं आहेत. पट्टीही निघाली. सासूबाई आपलं कार्ड टेकवतात, आत जातात, आणि थांबतात. माझं गेट उघडेपर्यंत वळून माझ्याकडे बघत राहतात. जन्मभर मला हवं होतं तेच, आणि ते मला बघवत नाही.

परवा मी म्हटलं, "आई, चला तुम्ही. मी आहे मागे."

"असशील," त्या म्हणाल्या. दोन पावलं चालल्या, आणि पुन्हा वळून बघितलं.