बक्षीस ललिताले

मैत्रिणींनो, सकाळी फोन आला, माझ्या पुस्तकाला लेखिकांसाठीचा ललितेतर लेखनाचा पुरस्कार मिळालाय. मी लगेच मारेगावला वहिनीला फोन लावला.

पुस्तक तिच्याच तोंडचं आहे. छप्पन्नला आमच्या वस्तीनं धम्मदीक्षा घेतली. पुढच्या चार-पाच वर्षांत कापूस वेचायला जाणाऱ्या बायका शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावरच्या मातीत काडीनं अक्षरं गिरवायला शिकल्या, त्याची ही हकिगत. पहिली वहिनी शिकली. शिकवणारी मी, तिची शाळकरी नणंद.

"वहिनी, ललितेतर लेखनाला बक्षीस मिळालं."

"ललिताले भेटलं? काहो बाई, हे ललिता कोन होय? आपल्या वस्तीत तं कोनी नोयती."

मी समजावलं, "अवं, ललितेतर म्हणजे मनानं रचलेलं नाही, खरं घडलेलं."

"खरंच तं सांगतलं म्या. खोटं कायले सांगू?" मग म्हणाली, "म्हंजे सांगतलं म्या, लिहिलं तुमी, अन् बक्षीस ललिताले."

दुपारपासून हसतेय. पण कपाटातून पुस्तक काढून पाहिलं, तर मुखपृष्ठावर नाव फक्त माझं. पुढच्या आवृत्तीवर आधी वहिनीचं नाव येईल.

तुमच्या घरात कोण आहे, जिनं सांगितलं आणि नाव दुसरीचं झालं?