कापडाच्या आतलं बघणारं यंत्र

“हिला उभी करा,” सुपरवायझर म्हणला. “हिच्या वस्तीतल्या बायाच बियाणं चोरतात.”

जालन्याच्या एमआयडीसीत, बियाण्याच्या कंपनीत मी कपाशीचं बी निवडायला होते. दोन हजार साल उलटून गेल्तं. त्या दिवशी पुण्याहून एक इंजिनियर यंत्र दाखवायला आल्ता. टेराहर्ट्झ लहरी, म्हणला, कागद-कापडातून आरपार जातात. आधी त्यानं बियाण्याचं बंद पाकीट धरलं. न फोडता आतले दाणे पडद्यावर. ओलं तेवढं काळं, कोरडं फिकं. मालकाचा पोरगा खूश झाला. “आता माणसाचं दाखवा की.”

मंग मी. हात वर. साडी अंगावर, पदर डोक्यावर. कोणी बोटसुद्धा लावलं न्हाई. दहा-बारा पुरुष पडद्याकडं बघून राह्यले. मला पडदा दिसत नव्हता, त्यांची तोंडं दिसत होती. आधी हसले. मंग सुपरवायझर पुढं वाकला.

“खाली काळं काय हाय? बी असंल. काढ भायेर.”

माझा पाळीचा दुसरा दिवस होता.

“कापड हाय,” मी म्हणले.

“कसलं कापड?”

पुन्हा सांगावं लागलं. मोठ्यानं. सगळ्यांसमोर. इंजिनियरनं मान खाली घातली, पण यंत्र बंद केलं न्हाई. निघताना मला पडदा दिसला. राखेच्या रंगाची एक बाई. साडी न्हाई. नाक-डोळे न्हाई. ती मी.

त्यानंतर कितीबी कपडे घातले तरी अंगावर काही हाय असं वाटंना. बाजारात कोणी वळून बघितलं की वाटायचं, ह्यानं पाह्यलंय. नवऱ्याला सांगितलं न्हाई. ते चित्र कुठं असंल? कोणाच्या कंप्युटरात? इचारायची हिंमत न्हाई झाली.

आठ दिवसांनी यंत्र आमच्या गेटावर आलं. हापिसातल्या बाया दुसऱ्या दारानं गेल्या. आम्ही रांगेत. मी खाली बघून उभी. पुढं शेजारची वहिनी होती. ती वळून हळूच म्हणली, “बाई, मला आज अडचण हाय गं. काय करू?”

मी तिचा हात धरला अन् रांगेतून भायेर ओढलं.

“आम्ही न्हाई उभ्या राहत.”

“चोरी न्हाई केली तर भेती कशाला?” सुपरवायझर म्हणला.

“तपासा ना. बाईच्या हातानं, आडोशाला. हापिसातल्या बायांनाबी तपासा. अन् माझं चित्र माझ्यासमोर पुसा.”

“उद्यापासून येऊ नको.”

काम गेलं. वहिनीचंबी. चित्र पुसलं का न्हाई, आजपर्यंत कळलं न्हाई. डोळे मिटले की ती राखेची बाई उभी राहते.

आता दुसऱ्या कंपनीत जाते. तिथंबी यंत्र येईल. येऊ द्या. आधी मी पडद्यापाशी जाणार. तिथं कोण बसलंय ते बघणार. पुरुष असंल तर रांग मोडणार. एकटी न्हाई. सगळ्या बायांना घेऊन मोडणार.