पहिलं शील

आमच्या पोंभुर्णा तालुक्यातल्या गावात रविवारी सकाळी विहारात वंदना होते. सांगायचं काम माझ्याकडे. मी एकेक शील म्हणते, मागून सगळे म्हणतात. पहिलंच शील 'पाणातिपाता वेरमणी', म्हणजे जीव घेणार नाही.

माझा पुतण्या संघपाल नक्षलवाद्यांच्या मागावर जंगलात फिरणाऱ्या पोलीस पथकात आहे. गेल्या हिवाळ्यात तो सुट्टीवर आला, तेव्हा माझ्या ध्यानात आलं की पहिल्या शीलाला त्याचे ओठ हलत नाहीत. बाकीची चार तो नीट म्हणायचा.

म्हाताऱ्या सोमाजीनंही ते पाहिलं होतं. बाहेर येताच त्यानं छेडलं, "का बे शिपाई, माहं पाचवं अडकते हे गावाले माहीत हाय. तुहं पहिलंच काऊन अडकते?"

पाचवं शील दारू न पिण्याचं, आणि सोमाजीची दारू कोणापासून लपलेली नव्हती. सगळे हसले. संघपालही हसला, पण चपला उलट्या पायांत घालून चालू लागला.

दुपारी तो माझ्या अंगणात येऊन बसला.

"मोठीमाय, हुकूम झाला अन् मी गोळी मारली. पोरगी होती. बंदूक होती तिच्याजवळ, खोटं नाई सांगत. पन पाप कोनाले लागते? हुकूम देनाऱ्याले का मारनाऱ्याले?"

"तू तं नोकरी करून राह्यला, बापा."

"शीलात नोकरीची सूट हाय का?"

इतकी वर्षं ते शील मी लोकांना देत आले, पण त्याचा अर्थ असा कोणी विचारला नव्हता. मी उठून त्याला पाणी दिलं.

तो कामावर परत गेला आणि मोहाचा हंगाम लागला. उजाडायच्या आधी आम्ही बाया टोपल्या घेऊन झाडाखाली जातो, वाकून फुलं वेचतो. यंदा मला तिथे भीती वाटू लागली. अंधारात लांबून आम्ही कशा दिसत असू? वाकलेल्या, हळूहळू सरकणाऱ्या सावल्या. मी उगाच मोठ्यानं बोलायची. बाया म्हणायच्या, "सत्यशीलाबाई, वाघाले भेता का?" मी हो म्हणायची.

चैत्रात संघपाल अचानक घरी आला. तिकडे एका पहाटे मोहाच्या झाडांखाली त्यांना वाकलेली माणसं दिसली होती. साहेबानं गोळी चालवायची खूण केली. याचं बोट घोड्यावर होतं, आणि हा ओरडला, "कोन व्हय?" सावल्या पळाल्या. बॅटरी मारून पाहिलं, तर फुलं वेचायला जाळून साफ केलेल्या जमिनीवर फुलं पडलेली. टोपली नाही, बंदूक नाही. बाया होत्या की नक्षलवादी होते, कोणालाच कळलं नाही.

चौकशी झाली. ताकीद देऊन त्याला चार दिवस घरी पाठवलं, मग पुन्हा जंगलात जायचं.

त्याची बायको रिना माझ्याकडे आली. लेक कडेवर होती.

"मोठीमाय, तुमी सांगा त्याले. यानं आवाज द्याचा अन् समोरच्यानं गोळी घालाची? सोबतचे म्हनतात, याच्यासंग जानं म्हनजे मरन. ते खोटं हाय का?"

"खोटं नाई."

"मंग हुकूम झाला का मारजो म्हना. तुमचं आयकते तो."

त्याच्याशी बोलेन असं मी तिला म्हटलं. पण बोलले नाही. 'मार' हा शब्द माझ्या तोंडून निघेना, आणि 'मारू नको' म्हणताना कडेवरची लेक डोळ्यांसमोर येई.

रविवारी संघपाल वंदनेला आला. विहाराच्या दाराशी त्याची बॅग ठेवलेली होती, दुपारची गाडी होती. मी दिवा लावला, त्रिशरण झालं. मग मी पहिलं शील म्हटलं.

पुरुषांच्या बाजूनं संघपालचा आवाज आला. थरथरता, पण सगळ्यांत मोठा. सोमाजीनं मान वळवून त्याच्याकडे पाहिलं.

बायांच्या बाजूला रिनाचा आवाज नेहमी सगळ्यांत वर असतो. तो आला नाही. ती लेकीला छातीशी धरून, ओठ घट्ट मिटून त्या बॅगेकडे पाहत होती.

मला दुसरं शील सांगायचं होतं. लोक थांबले होते. मीही त्या बॅगेकडेच पाहत होते.